प्रेमचित्र वाचायचं कसं : आयेझच्या ‘चुंबना’पासून सुरुवात

चित्रासमोर उभं राहिलं की बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो, “याचा अर्थ काय?” माझी विनंती आहे की हा प्रश्न निदान पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. अर्थ आधी विचारला की कुणीतरी सांगितलेला अर्थ ऐकू येतो आणि चित्र पाहायचं राहून जातं. प्रेमाच्या चित्रांत तर हे हमखास होतं. दोन माणसं जवळ दिसली की आपण ‘प्रेम’ असं लेबल लावून पुढे सरकतो. पण ते भेटीचं प्रेम आहे की निरोपाचं, चोरटं आहे की निर्धास्त, हे चित्रकाराने अंगाच्या वळणात, उजेडात आणि कपड्याच्या रंगात ठेवलेलं असतं. ते शोधायला कलेचं शिक्षण लागत नाही, सवय लागते.

सवय लावायला मी नेहमी एकच चित्र सुचवते. फ्रांचेस्को आयेझ या इटालियन चित्रकाराचं ‘चुंबन’, १८५९ सालचं, मिलान शहरातल्या ब्रेरा संग्रहालयातलं. (आडनावाच्या सुरुवातीला रोमन लिपीत ‘एच’ आहे, पण इटालियनमध्ये त्याचा उच्चार होत नाही.) हे चित्र निवडण्याचं कारण असं, की यात भाव तर आहेच, शिवाय प्रतीकं आहेत, आणि ती प्रतीकं खरी की आपल्या मनची हे तपासायची सोयही आहे.

‘रोमँटिक’ या शब्दाचे दोन अर्थ आधी वेगळे करून घेऊ. एक आपल्या रोजच्या बोलण्यातला, प्रेमाचा. दुसरा कलेच्या इतिहासातला : अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात पसरलेली एक प्रवृत्ती, जिने नियम आणि नेटकेपणापेक्षा भावनेला, जुन्या काळाच्या ओढीला आणि राष्ट्राच्या स्वप्नाला जास्त मान दिला. त्या अर्थाच्या रोमँटिक चित्रात वादळ, अवशेष किंवा रणांगणही असू शकतं, प्रेम असलंच पाहिजे असं नाही. आयेझच्या या चित्रात मात्र दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

आधी तयारी

चित्राची चांगली, मोठी प्रतिमा मिळवा. फोनवर नको, संगणकाच्या पडद्यावर बघा. मूळ चित्र ११२ सेंटिमीटर उंच आणि ८८ सेंटिमीटर रुंद आहे. भिंतीवर चिकटपट्टीने या मापाची चौकट आखा आणि तिच्यासमोर दोन मिनिटं उभे राहा. साडेतीन फुटांहून थोडी जास्त उंची. म्हणजे त्यातली माणसं खऱ्या माणसांपेक्षा बरीच लहान, पण खेळण्यासारखी नाहीत. घराच्या भिंतीवर लावायचं चित्र आहे, राजवाड्याच्या दालनासाठीचं नाही. आकार कळला की चित्रकार आपल्याशी किती मोठ्या आवाजात बोलतोय याचा अंदाज येतो.

वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा : ‘दिसतं’, ‘वाटतं’ आणि ‘कळलं’. तिसरा रकाना आज रिकामाच राहू द्या. तो इतिहास वाचल्यावर भरायचा.

दिसतं तेच लिहा

हे वाटतं तितकं सोपं नाही. माझ्याकडे रविवारी येणाऱ्या गटात पहिल्याच दिवशी सगळे लिहितात, “दोन प्रेमी चुंबन घेत आहेत.” यातलं ‘प्रेमी’ दिसत नाही, ते आपण ठरवलं. मग पुन्हा लिहायला लावते, आणि हळूहळू असं काही कागदावर उतरतं : दगडी भिंत. दगडी पायऱ्या. पुरुषाच्या अंगावर तपकिरी झगा, डोक्यावर पिसाची टोपी. पायांत घट्ट लाल विजार. त्याच्या दोन्ही हातांत तिचा चेहरा. तिचा झगा फिकट निळा, सॅटिनचा, जमिनीपर्यंत आलेला. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर. त्याचा एक पाय पायरीवर. डावीकडे मागच्या अंधारात एक आकृती, किंवा नुसतीच सावली.

इथे एकदा थांबा, कारण एक गोष्ट अजून कुणी लिहिलेली नसते. त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही, टोपीच्या काठाने तो झाकला आहे. तिचाही पुरता दिसत नाही. म्हणजे भाव दाखवायचं सगळ्यात सोपं साधन, डोळे, चित्रकाराने स्वतःहून सोडून दिलं. चेहरे दिसत नाहीत म्हणून ही दोघं कुणी ‘अमुक’ राहत नाहीत. चित्राला कथेतली नावंही दिलेली नाहीत. त्याचं पूर्ण शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘चुंबन. तारुण्यातला एक प्रसंग. चौदाव्या शतकातले पोशाख.’ बस, एवढंच. हे शीर्षक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

अंगाने वाचा

आता उठा आणि त्या पुरुषासारखे उभे राहा. खरंच उभे राहा. दाराच्या उंबऱ्याशी किंवा जिन्याच्या पहिल्या पायरीशी जा, एक पाय पायरीवर ठेवा, कमरेतून पुढे झुका आणि दोन्ही हात समोर कुणाचा तरी चेहरा धरल्यासारखे धरा. अर्धं मिनिट तसेच राहा.

मांडी भरून येते. ही उभं राहण्याची पद्धत मुक्कामाची नाही. एक पाय वर चढवलेला माणूस एकतर चढणार असतो किंवा नुकताच उतरलेला असतो. आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका, चित्रकलेशी आयुष्यात कधी संबंध न आलेल्या, पायरीवर उभ्या राहिल्या आणि लगेच म्हणाल्या, “हा निघालाय. वेळ नाहीये ह्याच्याकडे.” कोणतंही पुस्तक न वाचता त्यांना चित्राचा कणा सापडला होता.

मग तिच्यासारखे उभे राहून बघा. ती मागे झुकली आहे, तिचा तोल त्याच्या हातांवर आहे आणि तिच्या हाताने त्याचा खांदा धरला आहे. नुसता ठेवलेला हात आणि धरलेला हात यांत फरक असतो, बोटांकडे बघितलं की तो कळतो. एक जण निघायच्या बेतात आणि दुसरीचा सगळा भार त्याच्यावर. ‘वाटतं’ या रकान्यात आता ‘प्रेम’ लिहू नका. ‘निरोप’ लिहा, ‘घाई’ लिहा. शब्द जितका नेमका, तितकं चित्र उघडतं.

अंगाने बोलणारी चित्रं आपल्याला नवी नाहीत. राजा रविवर्म्याची, पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी शकुंतला आठवा. पाऊल एका कामात, मान भलतीकडेच. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत विदूषकाला हेच सांगतो, की दर्भाचं टोक रुतल्याचं सांगून ती दोन पावलांवर थांबली आणि झाडात न अडकलेलं वल्कल सोडवत बसली. काटा दाखवायचा नव्हता, थांबणं दाखवायचं होतं. मानवाकृतीच्या कोणत्याही चित्रात विचारा : पाऊल कुठल्या दिशेला आणि नजर कुठल्या? दोन्ही दिशा जुळत नसतील तर भाव त्या फटीत असतो.

डोळे किलकिले करा

चित्रकलेच्या शिक्षकांची ही जुनी युक्ती. डोळे अर्धवट मिटले की बारकावे गळतात आणि फक्त उजळ-काळोखाचे ठोकळे उरतात. जमत नसेल तर प्रतिमा कृष्णधवल करून बघा.

आयेझच्या चित्रात सगळ्यात उजळ ठोकळा कोणता उरतो? तिचा झगा. चेहरे नाहीत, हात नाहीत, सॅटिन. आता डोळे पूर्ण उघडून ते सॅटिन जवळून पाहा. सुती कापडावर उजेड पसरतो, सॅटिनवर तो घडीच्या कडेला धारदार पट्ट्यासारखा थांबतो आणि लगेच शेजारी खोल छटा येते. आयेझने ही प्रत्येक घडी सावकाश रंगवली आहे. घाईच्या क्षणातली एवढी एकच गोष्ट त्याने संथपणे हाताळली, म्हणून नजर तिथे रेंगाळते. क्षण संपत चाललाय आणि आपण मात्र त्या निळ्या कापडावर थांबलोय, अशी ओढाताण बघणाऱ्याच्या मनात तयार होते. माझ्या मते चित्रातली सगळ्यात मोठी करामत ही आहे, झेंड्याच्या रंगांपेक्षाही मोठी. झेंड्याचं पुढे येईलच.

उजेड कुठून येतो तेही विचारा. इथे दिवा दिसत नाही, खिडकी दिसत नाही. प्रकाश चौकटीबाहेरून येतो आणि दोघांवर पडतो. भिंत जवळजवळ मोकळी ठेवली आहे, तिच्यावर ना चित्र, ना पडदा. मोकळ्या भिंतीसमोर दोन आकृती नाटकातल्या पात्रांसारख्या उठून दिसतात, आणि आपण प्रेक्षागृहात बसल्यासारखे होतो.

उजेडाचा अभ्यास आपल्याकडच्या चित्रकाराच्या कामावर करायचा असेल तर सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं, मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या तरुणीचं चित्र घ्या. १९४५–४६ च्या सुमाराचं हे जलरंगातलं काम. समोर उभी राहिली होती त्यांची मुलगी. अनेक जण ते रविवर्म्याचं समजतात, आणि ही चूक इतकी पसरली आहे की चित्राखालची नावं नेहमी पडताळून घ्यावीत, असं सांगायला मी हेच उदाहरण देते. तिच्या एका हातात दिवा आहे, दुसरा तळवा ज्योतीच्या आड. बोटांच्या कडांतून उजेड लालसर होऊन झिरपतो. घरात निरांजन नेताना वारा लागू नये म्हणून आपण हात धरतो, तसाच हा हात. त्या हाताने ज्योत आपल्यापासून झाकली आणि चेहऱ्याला दिली. इथे प्रतीक शोधायची घाई केली तर ‘दिवा म्हणजे आशा’ असं एक वाक्य मिळतं आणि झिरपणारी ती लाली हातची जाते.

आता प्रतीकं, पण पुराव्यासकट

प्रतीकांचे कोश मिळतात. निळा म्हणजे निष्ठा, लाल म्हणजे वासना, साप म्हणजे पाप, अशा याद्या. नवशिक्यांनी त्यापासून लांब राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. पाप दाखवणारा साप ख्रिस्ती चित्रांतला आहे. आपल्याकडच्या पहाडी लघुचित्रात, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या भागातल्या छोट्या आकाराच्या चित्रात, अंधाऱ्या पावसाळी रात्री प्रियकराकडे निघालेल्या अभिसारिकेच्या पायाशी साप असतो, तो पाप सांगत नाही. वाट किती भयाण आहे आणि तरी ही थांबत नाही, एवढंच तो सांगतो. विजेचं, गळून पडलेल्या पैंजणाचं तेच काम. एकच साप, दोन परंपरा, दोन अर्थ.

म्हणून एखाद्या गोष्टीला प्रतीक म्हणण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. ती चित्रात खरोखर दिसते का? त्या वर्षी, त्या गावात बघणाऱ्याला ती ओळखता आली असती का? आणि चित्रकाराने ती पुन्हा कुठे, मुद्दाम बदलून वापरली आहे का? आयेझवर हे तिन्ही प्रश्न लावून बघू. आता तुमचा तिसरा रकाना भरायला घ्या.

मिलान १८१५ पासून ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होतं. १८४८ च्या मार्चमध्ये शहराने पाच दिवस लढून ऑस्ट्रियन फौज हाकलली होती, पण ती काही महिन्यांत परतली. इटली नावाचा एक देश तेव्हा नव्हता, वेगवेगळी राज्यं होती. अशा शहरात उघड राजकीय चित्र काढणं धोक्याचं, म्हणून चित्रकार मध्ययुगाच्या आडोशाला जात. ‘चौदाव्या शतकातले पोशाख’ हे शीर्षकातले शब्द आता पुन्हा वाचा.

जुलै १८५८ मध्ये पिडमाँट या उत्तर इटलीतल्या राज्याचे पंतप्रधान काव्हूर आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन यांनी प्लोंबिएर इथे गुप्त भेटीत ऑस्ट्रियाविरुद्ध हातमिळवणी ठरवली. पुढच्या वर्षी युद्ध झालं. ८ जून १८५९ रोजी नेपोलियन आणि पिडमाँटचा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल मिलानमध्ये दाखल झाले. आणि ९ सप्टेंबरला, अवघ्या तीन महिन्यांनी, ब्रेराच्या प्रदर्शनात हे चित्र लोकांसमोर आलं. ते काढून घेतलं होतं मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यातल्या अल्फोन्सो मारिया यांनी. १८८६ मध्ये त्यांनीच ते ब्रेराला दिलं.

आता रंग बघा. त्याची विजार लाल, झग्याच्या आतल्या बाजूला हिरव्याची कड, तिच्या बाहीपाशी पांढरं आणि झगा निळा. लाल-पांढरा-हिरवा हा इटलीचा तिरंगा, निळा-पांढरा-लाल हा फ्रान्सचा. दोन देशांची मिठी दोन माणसांच्या मिठीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’, पण जरा अडखळत : हिरवं इतकं थोडं आहे की सांगितल्याशिवाय सहसा दिसत नाही. दुसऱ्याचं ठाम ‘हो’, त्या सप्टेंबरात मिलानमध्ये हे दोन झेंडे कुणाला अनोळखी नव्हते.

खरा निकाल तिसऱ्या प्रश्नाने लागतो. आयेझने हेच चित्र पुन्हा काढलं. १८६१ साली, म्हणजे इटलीचं राज्य जाहीर झालं त्या वर्षीच्या आवृत्तीत, तिचा निळा झगा पांढरा झाला. फ्रान्सचा निळा गेला, इटलीचा पांढरा आला. निळं सॅटिन हे या चित्राचं सगळ्यात देखणं अंग, ते काढून टाकायला चित्रकाराला काहीतरी कारण असणारच. असा बदल सापडला की प्रतीकाची शंका पुराव्याच्या जवळ जाते.

कारण कळल्यावर पायरीवरचा पाय पुन्हा बघा. त्याच्या झग्याखाली अर्धवट लपलेली कट्यारीची मूठ बघा, पहिल्या पाहणीत ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. निघालेला हा तरुण आता नुसता घाईतला प्रियकर राहत नाही, लढायला चाललेला स्वयंसेवक होतो. मात्र निवृत्त बाईंचं “हा निघालाय” आधी खरं होतं, इतिहास त्याच्यावर नंतर येऊन बसला. भावाला इतिहासाने दुजोरा दिला. जिथे इतिहास सांगतो एक आणि अंग सांगतं दुसरं, तिथे मी अंगावर विश्वास ठेवते.

डावीकडच्या सावलीचं काय? कुणी तिला हेर म्हणतं, कुणी पहारा देणारा सोबती, कुणी घरातली दासी. चित्रात याचा निकाल नाही. अशा जागी एक उत्तर निवडायची गरज नसते. ‘कुणीतरी आहे’ एवढं लिहा. त्या अनिश्चिततेने दोघांवर जो दाब येतो तो भावाचाच भाग आहे. सावली तळहाताने झाकून चित्र बघा, मग हात काढून बघा. झाकल्यावर दोघं एकटी होतात आणि चित्र बरंच निवांत होतं. एखाद्या तपशिलाचं वजन किती, हे तपासायची याहून साधी रीत मला माहीत नाही.

आपल्या चित्रांकडे वळताना

आपल्या लघुचित्रांत प्रतीकांचा प्रकार थोडा वेगळा. तिथे चित्रकार आणि बघणारा यांच्यात आधीच ठरलेली भाषा असते. नाट्यशास्त्रात भरताने सांगितलेल्या आठ नायिका : वाट बघत सजलेली, रुसलेली, फसवली गेलेली, विरहात झुरणारी, स्वतःहून निघालेली आणि इतर. अशाच नायिकांचं वर्णन करणारी केशवदासांची ‘रसिकप्रिया’ १५९१ ची, भानुदत्ताची ‘रसमंजरी’ संस्कृतातली. या ग्रंथांची चित्रं पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली. ‘रसमंजरी’ची एक सचित्र पोथी १६५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात तयार झाली. हे काम फक्त डोंगराळ उत्तरेतच झालं असं नाही.

अशा चित्रात पुष्कळदा वरच्या पट्टीवर किंवा मागच्या बाजूला पद्य लिहिलेलं असतं. ते वाचता आलं तर उत्तमच, पण नाही आलं तरी आधी ‘दिसतं’ हा रकाना भरायचं सोडू नका. रिकामी शेज दिसते का? दार उघडं आहे की बंद? ढग आहेत का? सखी काय करते आहे, समजावते आहे की नुसती ऐकते आहे? दोघांच्या मधे झाड, खांब किंवा भिंत आली आहे का? मधल्या त्या उभ्या रेषेने किती रुसवे सांगितले आहेत! मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचं दालन आहे, आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रंही बघायला मिळतात. पडद्यावरच्या दहा चित्रांपेक्षा यातल्या एकासमोरचा अर्धा तास जास्त देतो. जाताना वही न्या, आणि शक्य असेल तर भिंग.

शेवटी लिहून काढा

तीनही रकाने भरले की एक परिच्छेद लिहा, पाच-सहा वाक्यांचा. क्रम तोच ठेवा : काय दिसतं, त्याने काय वाटतं, आणि इतिहासाने त्यात कोणती भर घातली. ‘चित्रकाराला असं म्हणायचं आहे’ हे शब्द टाळा. त्याऐवजी ‘पायरीवरच्या पायामुळे मला निरोप वाटतो’ असं लिहा. कारण आणि भाव एकाच वाक्यात आले की समोरचा माणूस तुमच्याशी सहमत होऊ शकतो, किंवा त्याच पायाकडे बोट दाखवून वाद घालू शकतो. दोन्ही चालतं.

सरावाला एक चित्र देते. आयेझने १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी याच चुंबनाची आणखी एक आवृत्ती केली. त्यात झगा पुन्हा निळा आहे, पण एक गोष्ट नवी आली आहे : पायऱ्यांवर पडलेलं पांढरं कापड. ती प्रतिमा शोधा, पहिल्या चित्राशेजारी ठेवा, आणि त्या कापडाला तिन्ही प्रश्न विचारा. आधी मात्र ते तळहाताने झाकून बघा.